पंचांग आणि घड्याळ

नरकचतुर्दशीची पहाट. न्हाणीघरात बंब पेटलेला, उटण्याचा वास घरभर, तुळशीपाशी नरकासुर म्हणून पायाखाली फोडायची कारिटं मांडून ठेवलेली आणि स्वयंपाकघराच्या फळीवर रेडिओ. रेडिओवरचे कीर्तनकारबुवा श्रीकृष्णाला घेऊन नरकासुराच्या नगरीच्या वेशीपर्यंत आलेले. ज्यांचं लहानपण आकाशवाणीच्या मराठी केंद्रांच्या टप्प्यात गेलं, त्यांना हे कीर्तन सांगायला नको. आमच्याकडे आजीचा दंडकच होता, की नरकासुर मरायच्या आत शेवटच्या पोराच्या डोक्यावर पाणी पडलं पाहिजे. चौघं भावंडं आणि एक न्हाणीघर, त्यामुळे आख्यान रंगात येईल तशी घरातली पळापळ वाढायची.

बुवा स्वतः त्या वेळी काय करत असतील? बहुधा आपल्या घरी पाटावर बसून तेल लावून घेत असतील. नरकासुराचा वध त्यांनी पंधरा-वीस दिवसांपूर्वीच उरकलेला असतो, तोही जिथे उजेड-अंधार कळत नाही अशा बंद खोलीत, दुपारी बाराच्या सुमाराला. मला हे कळलं ते पुढे एका जिल्ह्याच्या गावी रेडिओ केंद्रावर कॅज्युअल निवेदक म्हणून लागल्यावर. कॅज्युअल म्हणजे महिन्याला मोजक्या ड्यूट्या, ड्यूटीमागे मानधन. त्या काही वर्षांत पाहिलं, की सण आकाशवाणीवर ‘येत’ नाही, तो आणावा लागतो. रेडिओ चालतो घड्याळावर, सण चालतो पंचांगावर, आणि या दोघांचं एकमेकांशी फारसं जमत नाही.

केंद्राचं वर्ष चार तिमाह्यांत कापलेलं असतं. जानेवारी ते मार्च, एप्रिल ते जून अशी. प्रत्येक तिमाहीचा आराखडा ती सुरू व्हायच्या बराच आधी तयार करावा लागतो, कारण कलाकारांना करारपत्रं जायची असतात, स्टुडिओच्या तारखा धरायच्या असतात. म्हणजे बाहेर श्रावणसरी पडत असताना कार्यक्रम अधिकाऱ्याच्या टेबलावर दिवाळी मांडलेली असते. त्या टेबलावर दोन वस्तू हमखास दिसायच्या, सरकारी डायरी आणि पंचांग. डायरीतले दिवस जागचे हलत नाहीत. चौदा एप्रिल, सहा डिसेंबर, नाताळ. पंचांगातले हलतात. शिवजयंती तर दोन्हींकडे आहे. सरकारी जयंती १९ फेब्रुवारीला आणि तिथीची फाल्गुन वद्य तृतीयेला. गावात दोन्ही दिवशी मिरवणूक निघते आणि दोन्ही बाजूंचे श्रोते केंद्राला फोन करतात. केंद्र सरकारी, तेव्हा मुख्य कार्यक्रम तारखेला. पण तिथीच्या दिवशी सकाळी एखादा पोवाडा ‘सहज’ लागलेला असायचा. ज्या कार्यक्रम अधिकाऱ्याला हा सहजपणा जमत नाही, त्याला जिल्ह्यात दिवस काढणं जड जातं.

अधिक महिना आला की सगळंच अठरा-एकोणीस दिवस पुढे सरकतं. याचं सर्वांत सुंदर उदाहरण आकाशवाणीच्याच इतिहासात आहे. पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झालं. दीड वर्षातच, १ एप्रिल १९५५ला, तिथून ‘गीतरामायण’ सुरू झालं. केंद्रावर तेव्हा सीताकांत लाड होते, शब्द गदिमांचे, चाली सुधीर फडक्यांच्या. तो दिवस रामनवमीचा होता. आठवड्याला एक गीत, वर्षभर, म्हणजे हिशेबाने बावन्न. पण मालिका संपवायची पुढच्या रामनवमीला, आणि त्या वर्षी अधिक महिना आला! इंग्रजी वर्ष बावन्न आठवड्यांचं, पण या रामनवमीपासून त्या रामनवमीपर्यंतचं अंतर त्याहून जास्त. चार गीतं वाढली आणि संख्या छप्पन्न झाली. आपण आज छप्पन्न गीतांचं गीतरामायण म्हणतो, त्यातला हा वाढीव वाटा पंचांगाचा आहे.

कधी कधी मात्र दोन्ही कालगणना हातात हात घालून येतात. १२ नोव्हेंबर १९४७ रोजी महात्मा गांधी दिल्लीच्या आकाशवाणीत गेले आणि कुरुक्षेत्रच्या छावणीतल्या निर्वासितांशी माइकवरून बोलले. म्हणून तो दिवस आपल्याकडे लोकसेवा प्रसारण दिन म्हणून पाळतात. त्या दिवशी दिवाळी होती. चंद्राच्या तिथी आणि सूर्याच्या तारखा एकोणीस वर्षांनी पुन्हा जवळपास जुळतात. शहात्तर वर्षं म्हणजे अशी चार आवर्तनं. २०२३ साली १२ नोव्हेंबरलाच नरकचतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन एका दिवशी आलं. एरवी दोन दिवसांत ऐसपैस पसरणारे कार्यक्रम अशा वर्षी एका दिवसात कोंबावे लागतात. पहाटेचं कीर्तन संपतं न संपतं तोच संध्याकाळच्या लक्ष्मीपूजनाची माहिती.

खरी कसोटी ईदची. रमझान ईदचा दिवस आदल्या संध्याकाळी चंद्र दिसल्यावर ठरतो. तिमाहीच्या आराखड्यात त्यामुळे दोन दिवसांवर टाचण असतं, आणि दोन क्यूशीटं, म्हणजे दिवसाच्या कार्यक्रमांचे दोन कागद, तयार ठेवावी लागतात. एकात सकाळी नात आणि ईदच्या मुबारकबादीचा कार्यक्रम, दुसऱ्यात नेहमीचा दिवस. चंद्र दिसल्याची खात्री झाली की ड्यूटी रूममधून एक कागद फायलीत जातो आणि एक बाहेर येतो. ऐकणाऱ्याला वाटतं, वा, किती वेळेवर!

आता कोणाला माइकपर्यंत येता येतं, ते सांगतो. मंडळांची नेहमीची तक्रार असायची, ‘आमच्या गावच्या बुवांना रेडिओवर का घेत नाही?’ गाणाऱ्या-वाजवणाऱ्याला आधी ध्वनिचाचणी द्यावी लागते. परीक्षक नाव न पाहता आवाज ऐकतात, ओळख आणि आडनाव बाहेर राहावं म्हणून. त्यातून बी, बी हाय, ए आणि टॉप अशा श्रेणी मिळतात. किती वेळाचा कार्यक्रम द्यायचा आणि मानधन किती, हे श्रेणीवरून ठरतं. पद्धत चोख आहे, पण लोककलेला ती जराशी घट्ट बसते. गोंधळी जागर घालताना जे करतो, ते परीक्षेच्या खोलीत दहा मिनिटांत करून दाखव म्हटलं तर तो निम्माच उरतो. मी तर असे दोन गोंधळी पाहिले, की ज्यांचा आवाज संबळ मागे टेकवून उभं राहिल्याशिवाय फुटतच नव्हता.

ज्याला गायचं नाही, फक्त गावात काय आहे ते कळवायचं आहे, त्याच्यासाठी दार बरंच रुंद असतं. पोस्टकार्ड, पुढे फोन, आता व्हॉट्सॲप. ‘सालाबादप्रमाणे याही वर्षी आमच्या येथे श्रीकृपेकरून’ अशी सुरुवात करून पत्र दोन पानं चालतं. अध्यक्ष, उपाध्यक्ष, प्रमुख पाहुणे, सौजन्य, मार्गदर्शक सगळे येतात आणि कार्यक्रम कुठे आहे ते शेवटून दुसऱ्या ओळीत. हा कागद रेडिओसाठी उलटा करावा लागतो. वाचणारा माणूस मागे जाऊन पुन्हा वाचू शकतो, ऐकणाऱ्याला ती सोय नाही. शिवाय तो कणीक मळत असतो, किंवा गाडी काढत असतो. वाक्यातले पहिले तीन-चार शब्द त्याच्या कानांवरून नुसते जातात. कान टवकारायला एक शब्द लागतो, मग माहिती, मग तीच माहिती पुन्हा.

म्हणून वाचनालयाचं दोन पानी पत्र माइकवर असं होतं: ‘दिवाळी अंक वाचणाऱ्यांसाठी. नदीकाठच्या सार्वजनिक वाचनालयात शनिवार, अठरा ऑक्टोबरपासून तीन दिवस दिवाळी अंकांचं प्रदर्शन भरतंय. वेळ सकाळी दहा ते संध्याकाळी सात. अंक तिथेच बसून वाचता येतील. पुन्हा एकदा, शनिवारपासून तीन दिवस, सार्वजनिक वाचनालयात, सकाळी दहा ते सात.’ पंचवीस सेकंद. यात अध्यक्ष नाहीत. अध्यक्ष रागावतात. पण प्रदर्शनाला माणसं येतात, ती या पंचवीस सेकंदांमुळे.

या मजकुरात ‘उद्या’ हा शब्द नाही, हे लक्षात आलं असेल. आधी मुद्रित केलेल्या किंवा दोनदा वाचल्या जाणाऱ्या सूचनेत आज, उद्या, परवा लिहायचं नाही, वार आणि तारीख लिहायची, हा नियम मला एका सकाळी शिकावा लागला. आदल्या दिवशीची चिठ्ठी फायलीत राहिली होती. मी ती जशीच्या तशी वाचली. ‘उद्या’ सांगितलेलं नाट्यगीतांचं गायन त्याच दिवशी होऊन गेलं. एक आजोबा दुसऱ्या दिवशी रिक्षा करून सभागृहापाशी गेले तेव्हा तिथे सतरंज्या झटकत होते. त्यांनी तिथूनच फोन लावला. रागावले नाहीत. फक्त म्हणाले, ‘सतरंज्या छान आहेत हो.’

दुसरी धास्ती गावांच्या नावांची. देवनागरीत एकच च आणि एकच ज आहे, मराठीत उच्चार दोन. जळगावातला ज दातांचा, जेजुरीतला टाळूचा. चाळीसगावातला च वेगळा आणि चिपळुणातला वेगळा. मोठी नावं सगळ्यांना ठाऊक असतात. पण तालुक्यातली दीडशे उंबऱ्यांची वाडी ‘ज’ने सुरू होत असली, तर कागदाकडे पाहून काही कळत नाही. अशा वेळी केंद्राच्या दारातल्या शिपायाला विचारावं, हा माझा अनुभवाचा सल्ला. बदलीवर आलेल्या साहेबाला जिल्ह्याचा नकाशा पाठ असतो, पण त्या गावचा बाजार कोणत्या वारी भरतो आणि गावाचं नाव तोंडात कसं फिरतं हे शिपायाला माहीत असतं. स्थानिक रेडिओ ‘आपला’ वाटतो तो अशा एका ‘ज’मुळे. नाव चुकलं की यात्रेची माहिती कितीही अचूक असली तरी गाव म्हणतं, परका कुणीतरी बोलतोय.

आता कीर्तनाकडे परत जाऊ, कारण सणाच्या कार्यक्रमांत याच्याइतकं अवघड काही नाही. नारदीय कीर्तन देवळात दोन-अडीच तास सहज चालतं. नमन, मूळ पद, पूर्वरंगातलं निरूपण, मग मध्यंतरात नामाचा गजर, बुवांना हार, बुक्का, मग कंबर कसून उत्तररंगातलं आख्यान आणि शेवटी आरती. रेडिओवर हे सगळं अठ्ठावीस-एकोणतीस मिनिटांत. बुवांना आधी सांगून ठेवलेलं असतं, आणि बुवा मान डोलावतात. पण माइकसमोर उभे राहिले की जन्माची सवय उसळते. एकदा असं झालं, की पूर्वरंगच बावीस मिनिटं चालला. काचेपलीकडून आम्ही हात हलवतोय, आणि बुवांना वाटलं की दाद देतोय.

अशा वेळी कापायचं काय? हरदास मंडळी म्हणतात दृष्टांत कापा. मला ते कधी पटलं नाही. दृष्टांतच तर घराघरांत लक्षात राहतो. निरूपणातल्या संस्कृत वचनांच्या माळेतली चार वचनं गेली तरी आख्यानाचं काही बिघडत नाही. पण बुवांना वचनांचा अभिमान असतो, तेव्हा हे बोलणं चहाच्या कपावर करावं लागतं, स्टुडिओत नाही.

माइकची अडचण वेगळीच. कीर्तन हा उभा, हलता प्रकार आहे. बुवा पुढे येतात, दोन पावलं मागे जातात, पेटीवाल्याकडे वळून चिमटा काढतात. देवळात ते डोळ्यांना दिसतं म्हणून गोड लागतं. रेडिओवर मात्र आवाज जवळ येतो आणि एकदम विहिरीत पडल्यासारखा दूर जातो. म्हणून स्टुडिओतल्या जाजमावर खडूने एक चौकट आखून देत. त्यातून पाऊल बाहेर टाकायचं नाही. आणि झांज! झांजेचा टोला तीक्ष्ण असतो आणि लांबतो, तो गाणाऱ्याच्या शब्दांची अखेरची अक्षरं खाऊन टाकतो. झांजकऱ्याला माइकपासून लांब आणि थोडा आडवा बसवायचा, तबल्याला नि पेटीला वेगळा माइक द्यायचा, बुवांच्या हातातल्या चिपळ्या छातीच्या खाली ठेवायला सांगायच्या. पंख्याची घरघर नको म्हणून पंखा बंद. बुवा पगडी-उपरण्यात घामाघूम. पहाटेच्या गारव्यातला वध हा असा भरदुपारच्या घामात होतो.

सर्वांत मोठी उणीव श्रोत्यांची. बुवांनी ‘बोला पुंडलिक वरदा’ म्हटल्यावर समोरून ‘हारी विठ्ठल’ आलं नाही तर कीर्तन तिथेच बसतं. यावर आकाशवाणीने फार पूर्वी उपाय काढला तो निमंत्रित श्रोत्यांचा. वीस-पंचवीस माणसं बोलावून सतरंजीवर बसवायची. छोट्या केंद्रांना हेही परवडत नाही. मग लेखा विभागातले दोघे, कॅन्टीनवाला, त्या दिवशी ड्यूटी नसलेला निवेदक अशी भक्तमंडळी जमायची. तुम्ही ऐकलेल्या कुठल्या तरी गजरात मीही आहे, सुरात नसलो तरी.

मुद्रण झालं की संपादन. आता संगणकाच्या पडद्यावर आवाजाची रेघ दिसते, बोट फिरवलं की खोकला नाहीसा. पूर्वी पाव इंच रुंदीची फीत होती. ती यंत्रातून सेकंदाला साडेसात इंच धावत असे, म्हणजे बुवांनी अर्धा सेकंद श्वास घेतला तर तो जवळपास चार इंचांचा. तो ब्लेडने तिरपा कापायचा आणि चिकटपट्टीने जोडायचा. जुने लोक श्वास बोटांनी मोजत. त्यांपैकी एकांनी मला शिकवलं, की सगळे श्वास काढू नकोस. श्वास नसलेलं कीर्तन ऐकताना श्रोत्याला कासावीस व्हायला होतं, आणि का ते त्याला कळत नाही.

स्टुडिओबाहेरचा सण हा निराळा धंदा. ढोल-ताशा पथकासमोर माइक धरला तर तुम्हाला ऐकू येतो तो नाद त्यात येत नाही, नुसता फाटका धडधडाट येतो, कारण इतका मोठा आवाज यंत्राला पेलत नाही. तो एखाद्या गच्चीवरून किंवा बोळाच्या तोंडाशी उभं राहून, मध्ये गर्दी असू देऊन घ्यावा लागतो. मग ढोलाचा ठेका खालून येतो, त्यावर ताशाची तर्री उठते आणि मध्येच कुणीतरी ‘अहो, पोराला उचला’ म्हणतं. ते ‘पोराला उचला’ मी कधीही कापलं नाही. गोव्यात चवथीच्या आरत्यांना घुमट वाजतो. मातीच्या मडक्यावर कातडं ताणलेलं हे वाद्य, गोवा सरकारने २०१९मध्ये वारसावाद्य म्हणून जाहीर केलं. त्याचा घुमारा असा, की घरच्या छोट्या खोलीत माइक मडक्याच्या तोंडाशी नेला तर बाकीची आरती त्यात बुडते. तिथेही तोच उपाय, माइक पुढच्या खोलीत.

मिरवणुकीचं धावतं वर्णन करणाऱ्याचं कसब मात्र यंत्राबाहेरचं आहे. पुण्याच्या विसर्जन मिरवणुकीत मानाचे पाच गणपती ठरलेल्या क्रमाने निघतात. कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग, केसरीवाडा. मंडईतून निघून लक्ष्मी रस्त्याने टिळक चौकाकडे, आणि सगळी मंडळं धरली तर मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत लांबते. नवखा वर्णनकार म्हणतो, ‘काय हा उत्साह, काय हा जल्लोष, शब्द अपुरे पडत आहेत.’ शब्द अपुरे पडत असतील तर त्याने दुसरा धंदा बघावा. मुरलेला माणूस आधी आपण कुठे उभे आहोत ते सांगतो, मग डावीकडून काय येतंय ते, मग रंग, मग संख्या, मग एकच बारीक गोष्ट. पालखीच्या दांडीला बांधलेलं नारळाचं तोरण, किंवा खांद्यावरच्या मुलीने कानांवर धरलेले हात. आणि मग गप्प बसतो, वाद्यांना बोलू देतो. ऐकणाऱ्यांत अंध माणसं असतात, अंथरुणाला खिळलेली असतात, पोलीस चौकीत ड्यूटीवर अडकलेला कुणी असतो. त्यांना जल्लोष आहे हे माहीतच आहे. डावीकडून काय येतंय ते माहीत नाही.

एवढं करून सगळं येतं ते क्यूशीटवर. क्यूशीट म्हणजे त्या दिवसाची कुंडली. कोणत्या मिनिटाला काय, किती लांबीचं, कोणत्या फायलीत, पहिले शब्द कोणते, शेवटचे कोणते. मध्ये काही खुंटे ठोकलेले असतात, दिल्लीच्या किंवा मुंबईच्या बातम्यांचे. ते रिले घ्यावेच लागतात, आणि दिल्ली कुणासाठी थांबत नाही. स्थानिक कार्यक्रम या खुंट्यांमध्ये ताणून बांधायचा. कमी पडला तर सनईचा किंवा सतारीचा तुकडा, त्याला फिलर म्हणतात. जास्त झाला तर निवेदकाच्या हातात फेडर आहे, तो हळूच खाली ओढायचा.

हळूच ओढलेला एक फेडर माझ्या मनात अजून आहे. दिवाळीचीच पहाट होती. आधीच्या भक्तिगीताला मी दोन वाक्यांचं निवेदन जास्त केलं, सणाचा मूड होता. त्यामुळे कीर्तन पस्तीस सेकंद उशिरा सुरू झालं. नरकासुर वेळेत मेला, पण आरती सुरू झाली आणि घड्याळाचा काटा बातम्यांवर आला. मी आरती दुसऱ्या कडव्यात विझवली. बातम्या चालू असतानाच फोन वाजला. पलीकडे एक बाई, वयस्कर. ‘बाळा, मी ताट हातात घेऊन उभी होते रे.’ तोवर मला ठाऊकच नव्हतं, की रेडिओवरची आरती लोक नुसती ऐकत नाहीत, तिच्याबरोबर ओवाळतात. त्यानंतर माझ्या क्यूशीटवर आरतीच्या पुढे नेहमी चाळीस सेकंद मोकळे असत.

हे झालं सरकारी केंद्राचं. आकाशवाणीचं मध्यम लहरींचं केंद्र जमिनीलगतच्या लहरींवर डोंगर ओलांडून दूरच्या तालुक्यांत पोचतं. त्यामुळे सूचना निवडून घ्याव्या लागतात. चार जिल्ह्यांत ऐकू येणाऱ्या केंद्रावर एका गल्लीच्या भोंडल्याला किती जागा देणार? गल्लीसाठी वेगळी सोय आहे, समुदाय रेडिओ. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. त्या खंडपीठात न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते, आपल्याच मुंबई उच्च न्यायालयातून दिल्लीला गेलेले. प्रकरण क्रिकेटच्या सामन्यांचं होतं, पण त्यातून वाट फुटली. २००२पासून शिक्षणसंस्थांना आणि २००६च्या धोरणानंतर स्वयंसेवी संस्थांनाही छोटी एफएम केंद्रं चालवायची परवानगी मिळू लागली. ताकद शंभर वॉटपर्यंत, मनोरा साधारण तीस मीटर. एफएमच्या लहरी डोंगराला वळसा घालत नाहीत. त्यामुळे मनोऱ्यावरून जिथवर नजर पोचते, साधारण तिथवरच केंद्र.

या केंद्रांना स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्याच घ्याव्या लागतात. पण नियमांतच एक सवलत लिहिलेली आहे. स्थानिक सांस्कृतिक कार्यक्रम आणि सण-उत्सवांची माहिती नि वृत्तांत ही ‘बातमी’ धरली जात नाही. गावातल्या स्थानिक सामन्याचं धावतं वर्णन, वीज-पाण्याच्या सूचना, परीक्षेचे निकाल हेही तसंच. म्हणजे सरपंचाविरुद्ध अविश्वास ठराव आला तर सांगायचा नाही, पण यात्रेचा रथ कुठवर आला ते खुशाल सांगा. मला हा नियम हास्यास्पदही वाटतो आणि उपकारकही. कारण बातम्यांना बंदी असल्यामुळे या केंद्रांनी आपला सगळा जीव यात्रा, ओव्या, गीतं, बाजार यांतच ओतला.

माण तालुक्यातल्या म्हसवडला २००८पासून ‘माणदेशी तरंग वाहिनी’ चालते. दुष्काळी टापू, मेंढपाळांची वस्ती. म्हसवडच्या सिद्धनाथाचा रथ मार्गशीर्षाच्या पहिल्याच दिवशी निघतो. अशा ठिकाणी केंद्राला ध्वनिचाचणीच्या पायऱ्या नसतात. जात्यावर ओवी म्हणणारी बाई स्टुडिओत येते, किंवा स्टुडिओ यंत्र घेऊन तिच्या ओट्यावर जातो. ओवी पारंपरिक असल्याने तिच्यावर कुणाला हक्क सांगता येत नाही, पण गळा तिचा आहे. म्हणून काय मुद्रित करतोय, ते किती वेळा लागणार आणि कुठे लागणार, हे तिला आधी विचारून, समजावून घ्यावं. मोठ्या यंत्रणा इथे बऱ्याचदा चुकल्या आहेत. कित्येक फितींच्या डब्यांवर ‘लोकगीत, ग्रामीण महिला’ एवढंच लिहिलेलं मी पाहिलंय.

पैशांची ओढ मात्र छोट्या केंद्रांना कायम. जाहिरातीला तासाला आधी पाच, मग सात मिनिटं आणि २०२४पासून बारा मिनिटं मिळतात. पण माणदेशात तासाला बारा मिनिटं भरतील एवढे जाहिरातदार असतात कुठे? दिवाळीत तेवढे कापड दुकानवाले आणि फटाकेवाले येतात. सण इथे केंद्रालाही बोनस देतो.

आणि आता मोबाइल. न्यूजऑनएअर ॲपवर आकाशवाणीची बरीच मराठी केंद्रं कुठूनही ऐकता येतात. टप्पा संपला, डोंगर संपला. फक्त एक गंमत झाली. आवाज इंटरनेटवरून फिरून येईपर्यंत काही सेकंद मागे पडतो. एकाच घरात फळीवरचा रेडिओ आणि हातातला मोबाइल दोन्ही लावले तर नरकासुर दोनदा मरतो. बातम्यांआधीच्या टोल्यांवर घड्याळ लावणाऱ्यांनी मोबाइलवर विसंबू नये.

माझी भाची न्यू जर्सीला असते. आपल्याकडे पहाटेचे सहा वाजतात तेव्हा, ऑक्टोबरात, तिच्याकडे आदल्या रात्रीचे साडेआठ. ती जेवणं उरकताना केंद्र लावते. कीर्तन ऐकून तिचा धाकटा विचारतो, आत्ताच आंघोळ करायची का? ती म्हणते, नाही, झोप आता, आपला नरकासुर सकाळी. कारिटं तिथे मिळत नाहीत. ती आदल्या रात्रीच फ्रिजमधून दोन चेरी टोमॅटो काढून बाथरूमच्या दाराशी ठेवते.